बांबू विकला, तेंदू विकला, मग शाळा काढली: धानोरा तालुक्यातल्या गोंडीचं प्रकरण

मे महिन्यात गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात संध्याकाळी कुठल्याही तेंदूच्या फळीवर, म्हणजे बिडीची पानं गोळा करायच्या जागेवर, जाऊन उभं राहा, आधी कानावर पडते ती मोजणी. पहाटे अंधारात जंगलात गेलेल्या बायका दुपारभर घरी बसून पानं जुळवतात, ७० पानांचा एक पुडा, सालीच्या दोरीनं बांधलेला, आणि ऊन उतरलं की ते पुडे फळीवर आणून ओळीनं मांडतात. मोजताना उंदी, रंड, मुंड, नालुंग, सैयुंग असं सुरू होतं, दहापर्यंत गोंडी, आणि दहाच्या पुढे बऱ्याच जणींचे आकडे मराठी होऊन जातात, अकरा, बारा, तेरा. मुन्शीच्या, म्हणजे पुड्यांचा हिशोब ठेवणाऱ्याच्या, वहीत मात्र पहिल्या आकड्यापासून सगळं मराठीतच.

मी कित्येक सीझन हे बघितलंय आणि बरीच वर्षं मला त्यात काही वेगळं वाटलं नाही. नंतर डोक्यात आलं की ह्या भाषेचं आर्थिक दुखणं इथंच दिसतंय की. घरातल्या, जंगलातल्या, देवाच्या कामाला गोंडी आहे, पण रक्कम मोठी झाली, कागद आला, शिक्का आला की भाषा बदलते, आणि भाषा बदलली की हिशोब दुसऱ्याच्या हातात जातो.

आधीच सांगतो, मी गोंड नाही. मी वडसाकडचा, घरी झाडीबोली, म्हणजे इकडची मराठीची बोली, शाळेत पुस्तकातली मराठी, आणि गोंडी कामामुळे थोडीफार शिकलो, समजते बऱ्यापैकी, बोलताना अडखळतो. म्हणून हे बाहेरून बघणाऱ्याचं लिखाण आहे असंच समजून वाचा. पण "अल्पसंख्य भाषेला काय किंमत, तिनं पोट भरतं का" हा प्रश्न मला सारखा ऐकू येतो, आणि त्याचं उत्तर द्यायला धानोऱ्याइतकं चांगलं प्रकरण माझ्या माहितीत दुसरं नाही.

आधी थोडं गोंडीबद्दल

पुण्यामुंबईकडच्या बऱ्याच लोकांना वाटतं की गोंडी म्हणजे मराठीची एखादी जंगलातली बोली असेल. नाहीये. गोंडी द्रविड कुळातली भाषा आहे, तेलुगू-कन्नडच्या नात्यातली. पाण्याला एर म्हणतात, घराला लोन, देवाला पेन. २०११ च्या जनगणनेत ती मातृभाषा म्हणून नोंदवणारे जवळपास २९ लाख ८४ हजार लोक होते, आणि गोंड समाज मात्र कोटीच्या वर. म्हणजे भाषा सुटलेले गोंड जास्त, टिकवलेले कमी.

आता हा आकडा दुसऱ्या आकड्यांशेजारी ठेवा. त्याच जनगणनेत बोडो बोलणारे १५ लाखांच्या आत, मणिपुरी १८ लाखांच्या आत, डोगरी २६ लाखांच्या आसपास. ह्या तिन्ही भाषा घटनेच्या आठव्या अनुसूचीत आहेत आणि असायलाच पाहिजेत, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण गोंडी तिघींपेक्षा मोठी असून बाहेर आहे. २००३ च्या ९२ व्या घटनादुरुस्तीनं बोडो, डोगरी, मैथिली, संथाली आत आल्या, गोंडी राहिली. अनुसूचीत येणं म्हणजे नुसता मान नाही हो, त्याच्यामागे यूपीएससीचा पेपर येतो, साहित्य अकादमी येते, सरकारी भाषांतराचं काम येतं, थोडक्यात त्या भाषेवर पगार घेणारी माणसं तयार होतात.

गोंडीची दुसरी अडचण भूगोलाची. गोंडी बोलणारे महाराष्ट्र, छत्तीसगड, मध्य प्रदेश, तेलंगण, आंध्र, ओडिशा असे सगळीकडे विखुरलेले. गडचिरोलीतली गोंडी मराठी शब्द घेते, आदिलाबादची तेलुगू घेते, मंडला-बालाघाटची हिंदी घेते, आणि भामरागड-एटापल्लीकडे माडिया बोलतात ती आणखी वेगळी. ३० लाख लोकांची बाजारपेठ म्हटलं तर छोटी नाही, युरोपात तेवढ्या लोकांच्या भाषेत वर्तमानपत्रं निघतात, टीव्ही चालतो. पण सहा राज्यांत तुकडे आणि त्यांची शाळा कुठं मराठीत, कुठं हिंदीत, कुठं तेलुगूत, कुठं ओडियात, मग एकाचं पुस्तक दुसऱ्याला लागत नाही.

मेंढ्याचा बांबू

आता मुख्य गोष्ट. गडचिरोलीहून धानोऱ्याकडे निघालं की धानोरा यायच्या थोडं आधी लेखा लागतं, आणि त्याला लागून मेंढा, म्हणून मेंढा-लेखा. पाचशेच्या आसपास वस्ती, जवळजवळ सगळी गोंड. गावाभोवती १८०० हेक्टरच्या वर जंगल, बांबूनं भरलेलं. कित्येक वर्षं तो बांबू लीजवर कागद कारखान्याला जायचा, गावाच्या वाट्याला कटाईची मजुरी.

१९८० च्या दशकात इचमपल्ली आणि भोपालपट्टणमच्या धरणांविरुद्ध ह्या भागात मोठं आंदोलन झालं, जंगल बचाव मानव बचाव. धरणं थांबली, पण त्यातून काही गावांना बोलायची सवय लागली. मेंढ्यात गावातलेच देवाजी तोफा पुढे आले, कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल गावाच्या सोबत बसायला लागले, आणि गावानं एक नियम धरला की निर्णय मतदानानं नाही, सर्वसहमतीनं. एक माणूस जरी नाही म्हणाला तरी परत बसायचं. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा बऱ्याच जणांनी ऐकली असेल, आणि गोंडीत ती ह्या पट्ट्यात अशी ऐकू येते, मावा नाटे मावा राज.

सर्वसहमतीचा आणि भाषेचा संबंध फार कुणी सांगत नाही, म्हणून इथं जरा थांबतो.

मतदान परक्या भाषेतही होऊ शकतं. हात वर करा म्हटलं, केला, झालं. पण सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बसायचं असेल तर सत्तर वर्षांच्या आजीला आणि कधीच शाळेत न गेलेल्या सुनेला आपली शंका नीट मांडता आली पाहिजे, रागावता आलं पाहिजे, दुसऱ्याचा मुद्दा खोडता आला पाहिजे, आणि हे ज्या भाषेत माणूस भांडतो त्याच भाषेत होतं. मी मराठीतून चालवलेल्या सभा पाहिल्यात, साहेब आले की सुरू होतात, तीन-चार शिकलेले पुरुष बोलतात, बाकीचे माना हलवतात, अर्ध्या तासात ठराव. तीच माणसं साहेब गेल्यावर गोंडीत दोन तास बोलतात, आणि खरी माहिती तेव्हा बाहेर येते, कुठल्या बाजूचा बांबू दाट झालाय, कुठं आग लागली होती, कोण चोरून नेतंय, कुणाच्या वाट्याला काम आलं नाही. ह्या माहितीला बाजारात पैसे पडतात. बांबू कुठला तोडायचा आणि कुठला दोन वर्षं राखायचा हे तिच्यावरच ठरतं.

मेंढ्यात अभ्यास गट होते, बाहेरच्या जाणकारांसोबत बसून गावानं कायदे समजून घेतले. कायद्याची भाषा मराठी-इंग्रजी, गावाची गोंडी, मधे दोन्ही येणारी गावातलीच माणसं. मी ह्याला भाषांतराचा खर्च म्हणतो. हा खर्च गावानं वेळ देऊन, वर्षानुवर्षं बसून स्वतः भरला, आणि म्हणून पुढे दलालाला भरावा लागला नाही.

एक जुना प्रसंग ह्या भागात अजून सांगतात. गावानं आपलं गोटुल बांधायचं ठरवलं, सागाचं लाकूड आणून परंपरेप्रमाणे बांधलं, आणि वन खात्यानं ते पाडून लाकूड नेलं. मेंढा एकटं राहिलं नाही, आजूबाजूच्या गावांनीही आपापल्याकडे गोटुल बांधायचं ठरवलं, आणि मग खात्याला हात आवरावा लागला. गोटुल म्हणजे नुसती नाचायची जागा नाही, पोरं तिथं गाणी, जंगलाची नावं, नाती, वागणूक शिकतात, आणि हे सगळं गोंडीत. गावाची एकी भाषेच्याच जागेवरून झाली हे मला विसरता येत नाही.

२००६ चा वनहक्क कायदा आला, २००८ ला नियम आले, आणि २००९ मध्ये मेंढा आणि शेजारचं मर्दा ह्यांना सामूहिक वनहक्क मिळाले, देशातली पहिली गावं. कायद्यात बांबू गौण वनोपज, म्हणजे गावाला विकता येईल असा जंगलाचा माल, असं स्पष्ट लिहिलेलं, तरी वाहतूक परवाना गावाला मिळेना, आणि परवान्याशिवाय बांबू गावाबाहेर विकायला नेता येत नाही. दोन वर्षं अशीच गेली. शेवटी २७ एप्रिल २०११ ला केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण स्वतः मेंढ्यात आले आणि वाहतूक परवान्याचं बुक ग्रामसभेच्या हातात दिलं. पुढच्या काही वर्षांत बांबूचं उत्पन्न कोटीच्या घरात गेलं. जिथं आधी फक्त मजुरी यायची तिथं आता मजुरी गाव ठरवतं आणि नफाही गावाचा.

मग तेंदू. आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा १९९६ चा, पण महाराष्ट्रात त्याचे नियम २०१४ ला आले, आणि त्यानंतर गडचिरोलीतल्या शेकडो ग्रामसभा तेंदूचा लिलाव स्वतः करायला लागल्या. टेंडर काढायचं, ठेकेदाराशी करार करायचा, पॅन कार्ड, टीडीएस, ऑडिट, बँकेत खातं, सगळं ग्रामसभेनं. पैसा आला, आणि सोबत ती दहाच्या पुढची भाषाही आली.

भाषेची तूट कुणाच्या खिशातून जाते

हे मी स्वतः पाहिलेलं सांगतो. एका बँकेत, नाव घेत नाही, तेंदूचा बोनस जमा झाल्यावर बायकांची रांग लागलेली. एक म्हातारी काउंटरवर उभी, कॅशियर मराठीत विचारतोय की सही करता का अंगठा, किती काढायचे, आधारला मोबाइल लिंक आहे का, आणि ती गप्प. बाहेर एक पोरगा बसलेला, स्लिप भरून देणारा, तो आत आला, तिच्याशी गोंडीत दोन वाक्यं बोलला, काम पाच मिनिटांत झालं, आणि बाहेर आल्यावर त्यानं तिच्याकडून १०० रुपये घेतले. मी त्या पोराला वाईट म्हणत नाही. तो दुभाष्याचं काम करत होता आणि त्याला त्याचा मोबदला पाहिजे होता. पण तो मोबदला म्हातारीनं का द्यायचा? काउंटरच्या पलीकडच्या व्यवस्थेला तिची भाषा येत नाही ही व्यवस्थेची कमी, आणि पैसे तिचे गेले.

हेच १०० रुपये दवाखान्यात वेगळ्या रूपानं जातात, तहसीलमध्ये वेगळ्या, कोर्टात तर विचारूच नका. आणि कराराच्या वेळी रक्कम शंभराची राहत नाही. तेंदूच्या करारात पैसे किती हप्त्यांत द्यायचे, उशीर झाला तर काय, माल किती सुकल्यावर मोजायचा, ही कलमं मराठीत, कधी हिंदीत टाइप केलेली असतात. ज्या गावात हे कलमाकलमानं गोंडीत समजावून सांगणारं कुणी नव्हतं तिथं ठेकेदारांनी पैसे थकवले आणि गावाला कळलंच नाही की आपण कशावर सही केली होती. म्हणून कुणी विचारलं की गोंडीची आर्थिक किंमत काय, तर मी आधी हा तोटा मोजायला सांगतो. भाषा वापरली तर किती मिळतं हे नंतर पाहू, भाषा डावलल्यामुळे गरीब माणूस दर महिन्याला किती भरतो ते आधी पाहू.

आरोग्याचं उदाहरण ह्याच तालुक्याच्या वाटेवर आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग ह्यांच्या सर्च संस्थेचं शोधग्राम. त्यांनी लोकांना विचारलं की तुम्ही दवाखान्यात का येत नाही, आणि उत्तर ऐकून दवाखाना मोठ्या इमारतीऐवजी झोपड्यांसारखा बांधला आणि नाव दिलं माँ दंतेश्वरीचं, म्हणजे इथल्या लोकांच्या देवीचं. पुढे नवजात बाळांना घरीच जाऊन सांभाळायचा त्यांचा प्रयोग झाला, ३९ गावांत, गावातल्याच बायका आरोग्यदूत, आणि नवजात मृत्यू ६० टक्क्यांहून जास्त कमी झाले, १९९९ मध्ये तो अभ्यास लॅन्सेटमध्ये छापून आला आणि नंतर आशांच्या कामात ती पद्धत देशभर गेली. त्यात औषधं होती, ट्रेनिंग होतं, सगळं होतंच. पण आई ज्या शब्दात बाळाचं दुखणं सांगते ते शब्द कळणारी बाई दारात उभी होती, हाही त्या कामाचा पाया होता असं माझं ठाम मत आहे. तिकडे हेमलकशात डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे १९७३ पासून आहेत, त्यांनाही आधी माडिया शिकावी लागली, मगच पेशंट बोलायला लागले.

मोहगावची शाळा

आता ह्या प्रकरणातला माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग. धानोरा तालुक्यातच मोहगाव आहे. तिथल्या ग्रामसभेनं २०१९ मध्ये स्वतःची शाळा सुरू केली, नाव पारंपरिक कोया ज्ञानबोध संस्कार गोटुल. शिकवायची भाषा गोंडी. मराठी, इंग्रजी, हिंदीही शिकवतात, पण पाया गोंडीचा. शिकवणारे तिथलेच शिकलेले तरुण, आणि खर्च लोकवर्गणीतून आणि वनोपजाच्या उत्पन्नातून.

हे नीट बघा. लोकांना जंगलाचा पैसा मिळाला, आणि त्यांनी काय केलं? घरं सुधारली, मोटरसायकली घेतल्या, पोरींची लग्नं केली, सगळ्या माणसांसारखंच. पण एका ग्रामसभेनं सामूहिक पैशातला वाटा आपल्या भाषेच्या शाळेवर लावला. कुठल्या योजनेत हे नव्हतं, कुणी अनुदान दिलं नाही. गरीब माणसाला भाषेची पडलेली नसते, त्याला फक्त पोट असतं, असं जे सारखं म्हटलं जातं त्याच्यासमोर मी मोहगाव ठेवतो. पोटाची सोय थोडी लागल्याबरोबर लोकांनी भाषा विकत घेतली, स्वतःच्या पैशानं.

२०२२ मध्ये ह्या शाळेला शिक्षण विभागाची नोटीस आली की मान्यता नाही, शाळा बेकायदेशीर. शिक्षण हक्काच्या आरटीई कायद्याचं कलम १८ सांगतं की मान्यतेशिवाय शाळा चालवता येत नाही, त्यामुळे कागदावर नोटीस बरोबर. पण त्याच कायद्याच्या कलम २९ मध्ये लिहिलंय की शिक्षणाचं माध्यम शक्य तिथं मुलाची मातृभाषा असावं. घटनेचं कलम ३५०-क तर १९५६ पासून आहे, प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळायची सोय प्रत्येक राज्यानं करावी म्हणून. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण निदान पाचवीपर्यंत मातृभाषा म्हणतं. एवढं सगळं लिहून ठेवलंय आणि गडचिरोलीत गोंडी माध्यमाची सरकारी शाळा नव्हती म्हणूनच तर गावाला काढावी लागली ना! ग्रामसभा हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेली. एका लहान गावानं आपल्या पोरांच्या भाषेसाठी वकील लावायचा, ह्या खर्चाचा हिशोब कुठल्या खात्यात लिहायचा मला कळत नाही.

जिल्हा परिषदेच्या शाळांबद्दल मला आकस नाही, मी तिथंच शिकलो. पण पहिलीतलं गोंडी पोरगं वर्गात बसतं तेव्हा त्याला बाई काय म्हणतायत तेच कळत नाही. पहिलं वर्ष, कधी दोन वर्षं, ते फक्त बघत बसतं, मग बाई म्हणतात ढ आहे, मग ते येणं बंद करतं. बाईंची चूक नसते, त्यांना कुणी गोंडी शिकवलीच नाही. त्या दोन वर्षांची किंमत तीस वर्षांनी कळते, तो पोरगा मुन्शी होत नाही, मुन्शीसमोर पुडे मांडणारा होतो.

पण आईबाप काय म्हणतात

इथं खरं बोललं पाहिजे. बरेच आईबाप गोंडी शाळेच्या बाजूनं नाहीत. त्यांना इंग्रजी पाहिजे, निदान चांगली मराठी. एका गावात एक भाऊ मला म्हणाला, "गोंडी तर पोरगं घरी शिकतेच, शाळेत ते शिकव ज्याची नोकरी लागते." ह्याला उलट उत्तर देणं सोपं नाही. त्यानं स्वतः फॉर्म भरताना, पोलिसात, दवाखान्यात मार खाल्लेला असतो, कधी शब्दशः. त्याला आपल्या पोराला त्यातून वाचवायचंय. बाहेरून आलेल्या माझ्यासारख्यानं त्याला भाषा वाचवा म्हणून सांगायचं आणि माझी पोरं मात्र शहरात शिकणार, हे बरोबर नाही.

पण त्याच्या वाक्यात एक फट आहे, "ज्याची नोकरी लागते". नोकरी कुठल्या भाषेला लागते हे आकाशातून ठरत नाही, सरकार ठरवतं. अनुसूचित क्षेत्रात तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक, वनरक्षक अशी पदं स्थानिक आदिवासींमधून भरायची असा राज्यपालांचा आदेश २०१४ मध्ये निघाला, चांगलाच होता. त्यात अट जमातीची आणि रहिवासाची. भाषेची अट जोडली असती तर? धानोऱ्यातल्या अंगणवाडीताईला, आशाला, नर्सला, बँकेतल्या एका तरी माणसाला, बीट जमादाराला गोंडी आली पाहिजे आणि तिचे थोडे जास्त पैसे मिळतील एवढं लिहिलं असतं, तर त्या भाऊचं वाक्य बदललं असतं. त्यासाठी नवा कारखाना लागत नाही, ही कामं आहेतच, पगारही आहेतच.

बोलीवर बाजार उभा राहू शकतो का, म्हणून विचारतात तेव्हा मी माझ्या गावाकडं बोट दाखवतो. वडसा, म्हणजे देसाईगंज. दिवाळी झाली की झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात, गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया ह्या चार जिल्ह्यांत, मंडईच्या म्हणजे जत्रेच्या आणि शंकरपटाच्या म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या निमित्तानं, रात्रभर, तिकीट लावून. वडशात नाटक कंपन्यांची ऑफिसं रांगेनं आहेत. नट, गायक, तबलजी, पेटीवाले, लाइटवाले, मंडपवाले, गाडीवाले, पानटपरीवाले, किती घरांचा हिवाळा त्याच्यावर निघतो. परशुराम खुणे ह्यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली ती ह्याच रंगभूमीसाठी. नाटक असतं पुष्कळदा पुस्तकी मराठीकडं झुकलेलं, पण हसवणारं पात्र झाडीबोलीत बोललं नाही तर मंडप हसत नाही आणि पुढच्या वर्षी कंपनीला बोलावणं येत नाही. म्हणजे गरीब पट्ट्यातला माणूस आपल्या बोलीसाठी खिशातून पैसे काढतो, दरवर्षी काढतो. गोंडीत गाणी, रेकॉर्डिंग, मोबाइलवरचे व्हिडिओ आता खूप आहेत, पोरं स्वतः करतात, बघणारेही भरपूर. तिथून पैसे कसे यावेत हा रस्ता अजून कच्चा आहे.

तंत्रज्ञानाचंही थोडं. गोंडीला लिप्या आहेत. मसराम गोंडी, १९१८ मध्ये बालाघाटच्या मुन्शी मंगलसिंग मसराम ह्यांनी केलेली, आणि आदिलाबादकडच्या गुंजाला गावात जुन्या पोथ्यांमध्ये सापडलेली गुंजाला गोंडी. पहिली २०१७ ला आणि दुसरी २०१८ ला युनिकोडमध्ये, म्हणजे फोन-संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, गेली, फोनवर लिहायची वाट मोकळी झाली. शुभ्रांशु चौधरी ह्यांनी २०१० मध्ये छत्तीसगडात सीजीनेट स्वर सुरू केलं, साध्या फोनवरून कॉल करायचा आणि आपल्या भाषेत तक्रार बोलून ठेवायची, हातपंप बंद आहे, रोजगार हमीची मजुरी आली नाही. दुसऱ्यांना ती ऐकू जायची, कुणीतरी अधिकाऱ्याला फोन करायचं, आणि पुष्कळदा काम व्हायचं. अडकलेली मजुरी भाषेनं सोडवून आणली, ह्याला आर्थिक मूल्य म्हणायचं नाही तर कशाला? सहा राज्यांतल्या गोंडींचा एक प्रमाण शब्दकोश करायचं कामही २०१४ पासून काही वर्षं चाललं आणि २०१८ मध्ये तो आला. तो गावातल्या शिक्षकाच्या टेबलावर असायला पाहिजे, मला अजून एकाही टेबलावर दिसला नाही.

अजून एक किंमत आहे जी रुपयात मांडताना मला कमीपणा वाटतो, पण मांडतोच. इथं पंडुम, म्हणजे सण, असतात, इरुक पंडुम, मर्का पंडुम. मर्का म्हणजे आंबा. पंडुम होईपर्यंत नवा आंबा खायचा नाही, तोडायचा नाही. आधी देवाला, मग माणसाला. वन खात्याच्या भाषेत ह्याला शाश्वत व्यवस्थापन म्हणतात आणि त्याचे प्लॅन करायला सल्लागार बोलावतात. गावाकडे तो प्लॅन आधीच आहे, कुठलं फळ-फूल कधी, किती, कुणी आधी, पण तो गोंडीत पाठ आहे, गाण्यात आहे, झाडांच्या नावात आहे. सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांना आता आपल्या जंगलाचा व्यवस्थापन आराखडा लिहून द्यावा लागतो. म्हातारी माणसं झाडागणिक बोलत जातात आणि लिहिणारा पोरगा मधेच थांबतो, ह्या झाडाला मराठीत काय म्हणतात ते त्याला माहीत नसतं, कधी कधी मराठीत नावच नसतं. तो रकाना रिकामा राहतो. आराखड्यात रिकामा म्हणजे पुढे लिलावात रिकामा, संरक्षणातही रिकामा.

आपण मराठी माणसं आपल्या भाषेसाठी किती बोलतो. दुकानाच्या पाट्या, बेळगाव, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हाचा आनंद, मलाही झाला, डोळे भरून आले होते. पण धानोऱ्यात मी मोठ्या भाषेचा माणूस आहे. मुंबईत बँकेतल्या माणसाला मराठी आलीच पाहिजे असं जेव्हा मी म्हणतो, तेव्हा ती काउंटरवर गप्प उभी असलेली म्हातारी मला आठवते, आणि तिच्याबद्दलही तेवढ्याच जोरात बोलायची माझी जबाबदारी आहे असं मला वाटतं.

गेल्या वर्षी एका ग्रामसभेत तेंदूच्या कराराचा विषय होता. बैठक चार तास चालली, सगळी गोंडीत, आणि एका बाईनं हप्त्याच्या कलमावर असा प्रश्न विचारला की ठेकेदाराच्या माणसाला परत फोन करावा लागला आणि कलम बदललं गेलं. ठराव लिहायची वेळ आली तेव्हा ते चार तास मराठीच्या आठ ओळींत बसले, तिचा प्रश्न त्यात कुठंच नव्हता. लिहिणाऱ्या पोरानं सगळं मोबाइलवर रेकॉर्ड केलेलं होतं. तो मला विचारत होता की ही रेकॉर्डिंग ठरावासोबत जोडली तर पंचायत समितीत घेतील का. मी म्हटलं, विचारून बघ. त्यानं पेन ड्राइव्हमध्ये टाकली, फाइलला बाईंच्या प्रश्नाचं नाव गोंडीतच दिलं, आणि सोमवारी धानोऱ्याला घेऊन गेला.